पंधरा वर्षांचा दाखला

निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी असलेल्या परमुलखातल्या माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर एक प्रतिज्ञालेख करावा लागे. त्यात दोन गोष्टी असत. आपण या राज्यात किमान पंधरा वर्षे कायमचे राहत आहोत, ही पहिली. जिथून आलो तिथे परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट चार शेजाऱ्यांना विचारून ताडता येण्यासारखी आहे. दुसरी कशी ताडायची? माणूस गाव सोडतो, पण गावाकडचा विचार सोडला की नाही, हे अनेकदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही. तरीही हैदराबाद संस्थानाने तो विचार ठराविक नमुन्याच्या कागदावर आणला, त्यावर साक्षांकन घेतले आणि त्या कागदावर नोकरी ठरवली.

हा नियम १३३७ हिजरीच्या रमजान महिन्यातला, म्हणजे जून १९१९ चा. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने तो निघाला आणि हैदराबादच्या नागरी सेवा नियमावलीत ३९ व्या कलमात व त्याच्या परिशिष्टात जाऊन बसला. कलम सरळ होते. जो मुल्की नाही त्याला निजामाच्या खास मंजुरीशिवाय वरिष्ठ वा कनिष्ठ, कोणत्याही नोकरीत घ्यायचे नाही. मुल्की कोण, याचे उत्तर परिशिष्टात होते. जन्माने राज्याचा प्रजाजन असलेला. पंधरा वर्षांच्या रहिवासाने तो हक्क मिळवलेला. ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत होता आणि बापाची पंधरा वर्षे नोकरी झाली होती असा. आणि मुल्की पुरुषाची बायको. मुल्की बाईशी लग्न करून नवरा मुल्की होण्याची सोय या यादीत नव्हती. सासुरवाडीच्या जोरावर चाकरीत शिरणारे जावई फर्मान लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावेत, असे वाटून जाते.

आज हा प्रकार ओळखीचा वाटतो. कामावर घेण्याआधी माणसाचा काम करण्याचा हक्क मालकानेच तपासावा, ही सक्ती अमेरिकेने खासगी मालकांवर १९८६ च्या कायद्याने घातली आणि ब्रिटनने १९९६ च्या. तिथे मालक आणि सरकार वेगळे असतात. सरकार नियम करते, मालकाला दंडाची धास्ती असते. हैदराबादेत नोकरी देणारेही सरकार, नियम करणारेही सरकार आणि नियम वाकवायची मुभा असलेलेही सरकारच होते. मुल्की नियमांची बरीचशी गंमत आणि बराचसा अन्याय इथूनच सुरू होतो.

औरंगाबादसारख्या शहरात बाहेरचा कोण हे ठरवायचे, हीच मुळात अवघड गोष्ट. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावावर उभे आहे तिथे १६१० मध्ये शहर वसवले ते मलिक अंबरने, आणि तो होता आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हबशी. मोगल आले ते उत्तरेतून. आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष दिल्ली दरबारातला आणि त्याचे पूर्वज मध्य आशियातले. निजामांची राजधानी आधी इथेच होती, १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत ‘दख्खनी’ आणि समुद्रापलीकडून आलेले ‘आफाकी’ यांची मारामारी चालत आलेली होती. मुल्की-गैरमुल्की वाद हा त्याच जुन्या भांडणाचा कारकुनी अवतार म्हणायला हरकत नाही.

त्याला सरकारी रूप आले ते पहिल्या सालारजंगांमुळे. १८५३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते दिवाण झाले तेव्हा राज्याचा खजिना रिकामा होता आणि महसुलाची दफ्तरे वंशपरंपरेने चालत होती. त्यातल्या दफ्तर-ए-दिवानीची मालकी राय रायन या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होती. मराठवाड्याकडचा महसुली हिशेब त्यांच्या हाताखालून जाई. सालारजंगांनी या जुन्या दफ्तरदारांना मानाने बाजूला बसवले आणि इंग्रजी पद्धतीचा कारभार शिकलेली माणसे बाहेरून आणली. अलीगढच्या सर सय्यद अहमद यांच्या वर्तुळातले सय्यद महदी अली, म्हणजे पुढचे मोहसिन-उल-मुल्क, आले. मुश्ताक हुसेन, म्हणजे विकार-उल-मुल्क, आले. चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी आले. माणसे कर्तबगार होती यात शंका नाही. पण एका कर्तबगार माणसामागून त्याचे भाचे, पुतणे, गाववाले येतात, हे कोणत्याही कचेरीतल्या शिपायाला ठाऊक असते. १८८० च्या दशकात कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली आणि उत्तरेकडच्या उमेदवारांना घरचेच अंगण मिळाले. स्थानिकांची कुरकुर इतकी वाढली की १८८८ मध्ये सरकारने मुल्की कोण याची व्याख्या जाहीर केली. १९१९ चे फर्मान म्हणजे त्याच व्याख्येला बसवलेली नवी कडी.

कडी होती, पण दरवाजाला वरच्या बाजूला एक झरोका ठेवलेला होता. ‘खास मंजुरीशिवाय’ हे शब्द त्या झरोक्याचे. १९३७ मध्ये दिवाण झालेले सर अकबर हैदरी मूळचे मुंबईचे. त्यांच्यानंतर आलेले छत्तारीचे नवाब संयुक्त प्रांतातले. त्यांच्यानंतरचे सर मिर्झा इस्माइल म्हैसूरच्या दिवाणगिरीवरून नाव कमावून आलेले. म्हणजे ज्या राज्यात चपराश्याच्या जागेलाही मुल्की असणे लागे, त्या राज्याचे ओळीने तीन पंतप्रधान बाहेरचे होते. तपासणीचा नियम पायरी खाली उतरत जाई तसा कडक होई. कारकुनाला दाखला, नवाबाला मंजुरी. तीसच्या दशकात सर निजामतजंग आदींनी हैदराबाद हैदराबादकरांसाठी असे म्हणत मुल्कींची संघटना उभी केली, तिच्यात हिंदू-मुसलमान दोघेही होते. रोख याच विसंगतीवर होता.

हे सगळे औरंगाबादेत कसे दिसत असेल याची एक खिडकी उर्दू साहित्यात उघडी आहे. मौलवी अब्दुल हक हे उत्तरेतल्या हापूडचे. हैदराबादच्या शिक्षण खात्यात आले, शाळा तपासनीस म्हणून औरंगाबादला स्थिरावले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीस झाल्यावर त्या अखिल भारतीय संस्थेचे दफ्तरही त्यांनी इथेच आणले. १९२३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीजिएट कॉलेज औरंगाबादला निघाले, तेव्हा ते त्याचे प्राचार्य झाले. १९१९ चा नियम निघेपर्यंत त्यांची राज्यातली पंधरा वर्षे केव्हाच उलटली होती. त्यांचे राहते घर बीबी का मकबऱ्याच्या आवारात होते आणि तिथली बाग त्यांच्या देखरेखीखाली होती. त्या बागेत नामदेव नावाचा माळी काम करी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला, रोपांना लेकरांसारखे वाढवणारा, झाडपाल्याची औषधे जाणणारा. एका वर्षी पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, तेव्हा दुरून घागरीने पाणी आणून त्याने आपल्या वाट्याची झाडे जगवली. शेवटी मधमाश्यांच्या हल्ल्यात तो मेला. बाकीचे पळाले, हा आपल्या कामात होता. अब्दुल हकांनी त्याचे शब्दचित्र लिहिले आणि उर्दू शिकणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी ते शाळेत वाचले.

बाहेरून आलेला विद्वान देखरेख करणारा आणि इथल्या मातीतला माणूस माळी. मुल्की नियमांनी ही उतरंड बदलायची होती, पण ती त्या नियमांच्या आवाक्यातली नव्हती. अब्दुल हक १९३८ मध्ये अंजुमनसह दिल्लीला गेले आणि फाळणीनंतर कराचीला. परत जाण्याचा विचार सोडला आहे की नाही, एवढेच विचारणाऱ्या नमुन्यात असा प्रवास बसत नाही.

मराठवाड्यातल्या सामान्य मराठी माणसाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे मुल्कीपण कोणी नाकारत नव्हते. बाप मुल्की, आजा मुल्की, पणजा मुल्की. दाखला मागितला तर त्याच्यापेक्षा पक्का दावा कोणाचा असणार? पण दाखल्याच्या आधी परीक्षा होती आणि परीक्षेच्या आधी शाळा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले ते उर्दू माध्यमाचे. कचेरीचा कागद उर्दूत, कोर्टाचा निकाल उर्दूत. घरी मराठी, बाजारात मराठी, भजनात मराठी असलेल्या पोराला सरकारी मेजापर्यंत पोचायचे तर परक्या भाषेतून पंधरा-सोळा वर्षे काढावी लागत. औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ पासून मराठी मुलांसाठी धडपडत होते, पण खासगी शाळांची संख्या हातावर मोजण्याइतकी. काम करण्याचा कायदेशीर हक्क हातात आणि काम मात्र हाताबाहेर, ही मराठवाड्याची तेव्हाची अवस्था. मुल्की चळवळीच्या व्यासपीठांवरून हे दुखणे फारसे बोलले गेले नाही, कारण ती चळवळ शिकलेल्यांची होती. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली तेव्हा मराठी भाषकांचे गाऱ्हाणे पहिल्यांदा संघटितपणे मांडले गेले.

पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या त्याच इंटरमीजिएट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. लोण हैदराबादला पोचले, मुलांना काढून टाकले गेले आणि अनेकांनी नागपूर विद्यापीठाची वाट धरली. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू मुलगा होता. पुढे त्याने हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली. मुल्की प्रकरणाच्या शेवटच्या अंकात हा माणूस पुन्हा भेटणार आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी संपली. नियम मात्र संपला नाही. जनरल चौधरींचे लष्करी प्रशासन आणि मग वेलोडींचा कारभार यांत मद्रास, मुंबई आणि मध्य प्रांतातून अधिकारी, शिक्षक, कारकून आणले गेले. उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि ज्या स्थानिकांनी जिवाचा आटापिटा करून उर्दू कमावली होती त्यांची पाटी पुन्हा कोरी झाली. मुल्की दाखला नसेल तर नोकरी नाही, हा नियम कागदावर तसाच होता. मग दाखलेच मिळू लागले. बाहेरून कालपरवा आलेल्यांना पंधरा वर्षांच्या रहिवासाची प्रमाणपत्रे मिळतात, अशी ओरड गावोगावी सुरू झाली. जिथे नोकरी एका कागदावर मिळते तिथे कागदाचा बाजार भरतो. कागद तपासण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याला कागद ठीक दिसला की त्याची जबाबदारी संपली. माणूस कुठला, हा प्रश्न त्याच्या मेजावर येतच नाही.

१९५२ च्या जुलैत वरंगळला ठिणगी पडली. शाळांमध्ये गैरमुल्की शिक्षक नेमल्याच्या तक्रारींची चौकशी करायला शिक्षण खात्याचे उपसंचालक डॉ. शेंडारकर तिथे गेले आणि विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. ‘गैरमुल्की गो बॅक’, ‘इडली सांबार गो बॅक’ या घोषणा महिन्याभरात हैदराबादच्या रस्त्यांवर पोचल्या. ३ आणि ४ सप्टेंबरला सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या लोकनियुक्त सरकारला येऊन सहाच महिने झाले होते. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डींनी गोळीबाराची चौकशी केली. आंदोलनाचा जोर तेलंगणात होता. मराठवाड्याचे लक्ष तोवर वेगळ्याच दिशेला लागले होते: मुंबईला धरून मराठी राज्य कधी होते, याकडे.

इथे राज्यघटनेचा एक चमत्कारिक पेच लक्षात घ्यावा लागतो. १९५० च्या घटनेने सरकारी नोकरीत जन्मस्थान आणि रहिवास यांवरून भेद करायला सोळाव्या कलमात मनाई केली. रहिवासाची अट घालायची असेल तर ती फक्त संसद घालू शकते, असे त्याच कलमात पुढे म्हटले. मग आधीपासून चालत आलेल्या अटींचे काय? पस्तिसाव्या कलमाने सांगितले की संसद बदलेपर्यंत त्या चालू राहतील. अशा रीतीने निजामाचे फर्मान प्रजासत्ताकात वारसाहक्काने आले. राज्य पुनर्रचना आयोगाने रहिवासाच्या अटींवर टीका केली, आणि १९५७ मध्ये संसदेने कायदा करून देशभरातल्या अशा अटी मोडीत काढल्या. कायदा २१ मार्च १९५९ पासून लागू झाला. तेलंगण, हिमाचल, मणिपूर आणि त्रिपुरा यांना त्यात काही वर्षांची सवलत होती. मराठवाड्याला नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात गेलेला होता. त्या मार्चमध्ये औरंगाबादच्या उमेदवाराचा मुल्की दाखला रद्दी झाला, आणि त्यावर कुणी हरताळ पाळला नाही.

तेलंगणात मात्र त्या दाखल्याने आणखी चौदा वर्षे आग लावली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली सवलत घटनाबाह्य ठरवली: संसद सबंध राज्यापुरती रहिवासाची अट घालू शकते, राज्याच्या एका भागापुरती नाही. ३ ऑक्टोबर १९७२ ला त्याच न्यायालयाने उलट बाजूचा निकाल दिला की जुने मुल्की नियम तेलंगणात अजून जिवंत आहेत. आंध्र किनारा पेटला. आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव, औरंगाबादहून निघालेल्या वंदे मातरम् चळवळीत नागपूरला जावे लागलेले तेच. निकालाचे स्वागत केल्याबद्दल किनारी जिल्हे त्यांच्यावर उलटले आणि जानेवारी १९७३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्या वर्षी सहा कलमी तोडगा निघाला, मुल्की नियम कायद्याने रद्द झाले. सतराव्या वर्षी विद्यापीठातून काढले जाणे आणि बावन्नाव्या वर्षाच्या आसपास मुख्यमंत्रिपदावरून जाणे, दोन्हींच्या मुळाशी हैदराबाद संस्थान असावे, असा योग क्वचितच येतो.

इकडे मराठवाड्याने मुल्की दाखल्याच्या बदल्यात काय मिळवले? २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांत वाट्याचे वचन होते. घटनेच्या ३७१ व्या कलमात मराठवाड्याला नोकऱ्यांची आणि तांत्रिक शिक्षणाची पुरेशी संधी देण्याची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल अशी तरतूद झाली. १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ आले, त्याआधी १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज आले. शिकलेली मुले तयार झाली तेव्हा त्यांना कळले की आता स्पर्धा पुण्या-मुंबईच्या मुलांशी आहे, आणि या वेळी ते परके नाहीत, आपल्याच राज्याचे आहेत. जो दाखला आपल्याला वाचवू शकला असता तो आपणच आनंदाने सोडला होता. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांची मागणी ठळक होती. वसमतला गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. आंदोलनामागे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी मुक्तिसंग्रामातली माणसे होती. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

एव्हाना नोकरी देणाराही बदलत होता. चिकलठाण्यात औद्योगिक वसाहत उभी राहत होती. ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि शहराच्या बोलण्यात ‘कंपनी’ हा शब्द ‘कचेरी’च्या जागी आला. खासगी मालकाला घटनेचे सोळावे कलम लागू नाही. १९५९ च्या सेवायोजन कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या मालकाला रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणे भाग होते. तिथूनच माणूस घेणे भाग नव्हते. एम्प्लॉयमेंटचे कार्ड काढून वर्षानुवर्षे कॉलची वाट पाहणारी पिढी मराठवाड्यात घरोघरी सापडेल.

दरम्यान साठ-सत्तरच्या दशकांपासूनच महाराष्ट्र सरकारने स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्यांची भाषा सुरू केली होती. मुंबईत शिवसेनेने पेटवलेला विषय शासकीय परिपत्रकांत उतरला. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयात तो नेमका झाला: उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान पन्नास टक्के आणि इतर जागांवर किमान ऐंशी टक्के स्थानिक माणसे घ्यावीत. स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहणारा. आकडा १९१९ च्या फर्मानातलाच. फरक एवढाच की परत जाण्याचा विचार सोडला का, हे आता कोणी विचारत नाही.

या शासन निर्णयाला कायद्याचे दात नाहीत. सवलत आणि अनुदान घेणाऱ्या कारखान्याला अट घालायची आणि आकडे मागवायचे, एवढीच त्याची पकड. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत घेतलेली माणसे स्थानिकांच्या हिशेबात कशी धरायची, यावर कागद दोन्ही बाजूंनी फिरवता येतो. हरियाणाने २०२० मध्ये याच विषयाचा पूर्ण कायदा केला, ठराविक पगारापर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत पंचाहत्तर टक्के स्थानिकांसाठी. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्द केला. महाराष्ट्राने कायदा केलेला नाही. ऐंशी टक्क्यांची मागणी मात्र निवडणुकीच्या सभांमधून आजही होते, आणि दाखला काढायला तहसिलीच्या सेतू केंद्रावर आजही रांग लागते.